गेटवर बसणाऱ्यांची मोजदाद

तासबाईला तोंडावर दार आपटून घेण्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्यानं "या, बसा" म्हटलं तर तिलाच आपलं काही चुकलं की काय असं वाटायचं. बाईचं कामच तसं. ती मोजणीखात्यातली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांची यादी घ्यायची, दार वाजवायचं आणि आत पाऊल टाकल्याटाकल्या पहिला प्रश्न करायचा, "गेल्या सात दिवसांत तुम्ही मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलंत का?" एक तास! ज्या गावातला एकुलता एक मोठा कारखाना बंद पडलाय, तिथं हे विचारायचं म्हणजे उपाशी माणसाला "ढेकर आला का हो?" म्हणून विचारण्यासारखंच. गल्लीतल्या पोरांनी तिला तासबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा पत्र आणलं की खालून "तासबाईऽऽ" अशीच हाळी द्यायचा.

पण बाई गरीब बिचारी वगैरे होती असं समजू नका. तिची जीभ म्हणजे नुकतीच धार लावलेली कात्री. कुणी दार लावलं तर ती खिडकीशी जायची, खिडकी लावली तर दाराच्या फटीतून प्रश्न विचारायची. "सरकारला मी तुमच्या घरात काय शिजतंय ते सांगत नाही, तुम्ही काम करता की नाही तेवढंच सांगते," असं ठणकावायची, आणि उत्तर घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

तिला एकच माणूस भारी पडायचा, तो म्हणजे तिचा दीर. आणि नेमकी ती राहायची त्याच्याच डोक्यावर. म्हणजे खरोखर डोक्यावर, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. घर दोघा भावांचं होतं, पण तासबाईच्या नवऱ्यानं हयात असतानाच आपल्या वाटणीचे पैसे उचलले, त्यातून टॅक्सी घेतली, आधी टॅक्सी मोडीत गेली आणि पाठोपाठ तोही गेला. तेव्हापासून घर धाकट्या भावाचं आणि वरची खोली मेहेरबानीची. ही मेहेरबानी दिराच्या तोंडून रोज एकदा तरी ऐकावी लागे. खाली त्याची बायको, म्हणजे तासबाईची धाकटी जाऊ. तिच्याशी तासबाईचं बोलणंच नव्हतं. कधीकाळी एका कपाटावरून दोघींचं बिनसलं होतं. कपाट केव्हाच वाळवीनं खाल्लं, अबोला मात्र शाबूत होता.

दीर बाटल्यांच्या कारखान्यात काचेच्या भट्टीवर होता. कारखान्याला कुलूप लागलं, भट्टी विझली, पण ह्या माणसाचा दिनक्रम तसूभर हलला नाही. सकाळी दाढी करायची, कारखान्याचा खाकी शर्ट चढवायचा, डबा घ्यायचा आणि गेटवर जायचं. एकटा नव्हे, सगळे जुने कामगार जायचे. गेटशेजारच्या कठड्यावर ओळीनं बसायचे, दुपारी डबे उघडायचे, आणि पूर्वी ज्या वेळेला भोंगा व्हायचा त्या वेळेला उठून घरी यायचे. ह्या दरबाराचा दीर हा प्रमुख, म्हणून त्याचं नाव पडलं गेटमास्तर.

आता कुणीही म्हणेल, हे काय खूळ? पण त्यांच्या लेखी ते खूळ नव्हतं. त्यांच्या बापांच्या वेळीही कारखाना असाच बंद पडला होता आणि एका सकाळी अचानक उघडला होता. त्या सकाळी जे गेटवर होते ते आत गेले, जे घरी होते ते जन्मभर घरीच राहिले. तेव्हापासून तिथं रीतच पडली. गेटवर बसायचं, आणि दुसरीकडे काम मागायला जायचं नाही. जो दुसरीकडे गेला त्यानं कठड्यावरची जागा सोडली. एकाला मुलीच्या लग्नासाठी लाकडाच्या वखारीत जावं लागलं, तर त्याच्याशी गेटवाल्यांनी विडीकाडीचा व्यवहारसुद्धा तोडला.

जुन्या पद्धतीत ह्यानं काही बिघडत नव्हतं. तेव्हा सरकारी कचेरीच्या खिडकीवर दर आठवड्याला जो सही करेल तो बेकार, एवढा सोपा हिशेब होता. गेटवाले सगळे मिळून जायचे, सह्या ठोकायचे आणि परत कठड्यावर यायचे. देशातल्या सगळ्या विभागांत बेकारीत हा विभाग पहिला! त्याचाही त्यांना अभिमान वाटायचा. मग वर कुणीतरी ठरवलं, की खिडकी बंद आणि आता घरोघर जाऊन विचारायचं. एक तास तरी काम केलंत का? नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का? शोधलं असेल, तर मिळालं तर लगेच जाल का? पहिल्याला नाही आणि पुढच्या दोन्हींना हो, असा जो असेल तोच बेकार. बाकीचा एक तर कामावरचा, नाहीतर काम नकोच असलेला.

आणि चिठ्ठीत निघालं कुणाचं घर? गेटमास्तरचं. वर्षभरात चार वेळा जायचं होतं. तासबाईनं साहेबांना सांगून पाहिलं, की हे माझ्या सासरचं घर आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा.

"तुमची चूल एक आहे का?" साहेबांनी विचारलं.

"तोंडं एकमेकांकडे करत नाही, चूल कुठली?"

"मग वेगळं कुटुंब. त्या भागात दुसरं माणूस नाही माझ्याकडे. जा."

ती गेली. वरून खाली यायचं तर चार पायऱ्या, पण रस्त्यावर जाऊन, वळसा घालून, पुढच्या दारानं गेली. गेटमास्तर खुर्चीत बसला होता. धाकटी स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"वहिनी, दार वाजवून आलात? म्हणजे सरकार होऊन आलात वाटतं."

"सरकार होऊनच आलेय. भाऊजी, गेल्या सात दिवसांत तुम्ही..."

"एक तास. माहिताय. नाही केलं."

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधायला काय केलंत?"

"रोज गेटवर जातो की. दिसत नाही वरून?"

"तिथं काय करता?"

"बसतो."

"काम कुणाला मागता?"

"कुणाला मागणार? आत एक वॉचमन आहे, तोच माझ्याकडे विडी मागतो!"

"म्हणजे शोधलं नाहीत."

"शोधायला माझं काम हरवलंय का?" गेटमास्तर खुर्चीतून उठला. "माझं काम जिथं होतं तिथंच आहे. त्याला कुलूप लावलंय, एवढंच. तुम्ही लिहा, बेकार."

"मी बेकार असं लिहीतच नाही. उत्तर लिहिते. घरात आणखी कोण?"

"ही. घरकाम. आता निघा."

आत भांडं जरा जास्तच जोरात आपटलं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. घरातल्या एकानं सगळ्यांचं सांगितलं तरी नियमाला चालत होतं, आणि गेटमास्तरनं जन्मात कधी दुसऱ्याला सांगू दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला हेच. तिसऱ्या खेपेला हेच, फक्त आवाज आणखी चढलेला.

मग आकडे आले. वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून आलं, की विभागातली बेकारी निम्म्याहून खाली. मोजायची पद्धत बदलली हे खाली बारीक अक्षरांत होतं, पण बारीक अक्षरं वाचायला कुणाला सवड आहे? पहिला नंबर गेला डोंगरापलीकडच्या फळबागांच्या विभागाला. तिथली माणसं हंगामात फळं तोडतात आणि हंगाम संपला की ह्या बागेतून त्या बागेत काम विचारत फिरतात. फिरतात म्हणजे शोधतात, शोधतात म्हणजे बेकार. गेटवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "ते अर्धं वर्ष कमावतात ते बेकार, आणि आम्ही वर्षानुवर्षं कठड्यावर बसून बूड झिजवलं, ते आम्ही कोण? पेन्शनर?" आणि खरंच, कागदावर ते पेन्शनर, शाळकरी पोरं आणि अंथरुणाला खिळलेले, ह्यांच्याच रकान्यात बसले होते.

नुसता अपमान असता तर गिळला असता. पण सरकारनं वर आणखी एक रेष आखली होती. विभागाची बेकारी त्या रेषेच्या वर असेल तर तिथला बेकारभत्ता, ज्यावर गेटवाल्यांच्या चुली पेटायच्या तो, पुढं चालू, खाली असेल तर बंद. वर्षाचा शेवटचा आकडा यायचा बाकी होता, आणि त्यावरच हे ठरणार होतं.

झालं, सगळं खापर तासबाईवर. नळावर तिची बादली मागं सरकवली जाऊ लागली. वाण्यानं उधारी बंद केली. आणि एका संध्याकाळी गेटमास्तरनं अंगणात गेटवाल्यांना गोळा करून, वर तोंड करून जाहीर केलं, "वहिनी, कान देऊन ऐका! भत्ता चालू राहिला तर तुम्ही वर राहा, मला काही घेणं नाही. भत्ता बंद झाला तर खोली त्याच दिवशी खाली. भाडेकरू ठेवीन. हे पंच आहेत!"

तासबाई साहेबांकडे धावली. "साहेब, हे लोक बेकार नाहीत तर कोण आहेत?"

"बाई, पट्टी सगळ्या देशाला एकच हवी. ज्याला त्याला आपापली पट्टी दिली, तर डोंगरापलीकडचं आणि इकडचं ताडून कसं बघायचं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि पूर्वी खिडकीवर सही करून दुपारी टॅक्सी चालवणारे होतेच की. मला सांगायला लावू नका."

तासबाई पिशवी उचलून उठली. साहेबांना तिच्या नवऱ्याची टॅक्सी माहीत होती, आणि खिडकीवरची त्याची सहीसुद्धा.

ती परत आली ती धुमसतच. अंगणात गेटमास्तर तिच्या पायऱ्यांवर पाय पसरून बसलेला. "काय, सामान बांधायला घेतलं का?" म्हणाला. एवढं पुरे झालं. नियम असा, की कुठल्या उत्तरानं काय होतं हे मोजणीवालीनं सांगायचं नाही. पण भांडणात नियम कुणाला आठवतो?

"भिंतीवर बसून काम अंगावर येऊन पडत नाही, भाऊजी! ते मागावं लागतं! दारोदार जाऊन, तोंडानं मागावं लागतं! ते केलंत कधी?"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. गेटमास्तर गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे तासबाईला ठाऊक होतं. सकाळी कठड्यावर सभा भरली. एकजण म्हणाला, "त्यात काय, शोधलं म्हणून सांगू. कोण बघतंय?"

"खोटं सांगून बेकार व्हायचं?" गेटमास्तर कडाडला. "आम्ही खरे बेकार आहोत! मागायचं ना? मागू."

"पण मास्तर, मागायला गेला त्याची जागा गेली."

"एकटा गेला त्याची. सगळेच गेलो तर जागा कुणाची जाणार?"

सगळे डबे उचलून उठले. मग निघाली वरात. खाकी शर्ट, हातात डबे, पुढं गेटमास्तर. पहिलं दुकान सायकलवाल्याचं.

"काम आहे का?" गेटमास्तरनं दरडावून विचारलं.

सायकलवाला दचकून उठून उभा राहिला. "नाही हो. काय झालं?"

"नाही ना? शाबास!" आणि पुढं. धोबीखान्यात नाही, शाबास. वखारीत नाही, शाबास. वखारीत तो वाळीत टाकलेला जुना सोबती करवत हातात धरून बघतच राहिला. दवाखान्यातल्या नर्सला वाटलं दंगल झाली, तिनं आधी दार लावलं आणि मग आतून "नाही" म्हणाली. ते नाही धरायचं की नाही, ह्यावर रस्त्यात वाद झाला. असं फिरत फिरत वरात बेकरीपाशी आली.

"काम आहे का?"

"आहे," बेकरीवाला म्हणाला.

वरात जागच्या जागी थिजली. हे उत्तर कुणी धरलंच नव्हतं.

"भट्टीवरचा माणूस सोडून गेलाय," बेकरीवाला कपाळावरचं पीठ पुसत म्हणाला. "तसं मास्तर, तुमच्या घरीच निरोप धाडणार होतो. तुमच्या मंडळी दोन-तीनदा विचारून गेल्यात. म्हटलं, ठेवावं त्यांनाच."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "मास्तर, वहिनींनी तुमच्याआधी नंबर लावला की!"

गेटमास्तरचा चेहरा त्याच्या जुन्या भट्टीसारखा लाल झाला. "माझी बायको भट्टीपुढं उभी राहणार? आणि मी बसून बघणार? ती नाही येणार. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेकरीत गेला. काच वितळवणाऱ्या माणसाला पावाची धग म्हणजे थट्टा वाटली. त्यानं भट्टी आपल्या मनाजोगती पेटवली. दुपार व्हायच्या आत पावांचे दगडी कोळसे झाले आणि बेकरीवाल्यानं त्यातलेच चार मजुरी म्हणून त्याच्या हातावर ठेवून त्याला रस्ता दाखवला. वर म्हणाला, "आणि तुमच्या घरातलं आता कुणीच नको मला!"

त्या रात्री खालच्या घरात जे झालं ते तासबाईला वर शब्द न् शब्द ऐकू आलं. धाकटी तशी अबोल, पण त्या दिवशी तिनं नवऱ्याला असं फैलावर घेतलं, की त्यानं शेवटी अंथरूण उचलून ओसरीत नेलं.

आणि लगेच चौथी खेप आली. अंगणात गेटवाले जमलेले, खिडक्यांतून गल्लीतल्या बायका डोकावलेल्या. गेटमास्तर तयारीत बसला होता. आज तो शोधलं म्हणून सांगणार होता, आणि खरं सांगणार होता.

"गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलंत का?"

गेटमास्तरनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ह्या प्रश्नाचा त्यानं विचारच केला नव्हता. तीन खेपा ज्याला तो बेधडक 'नाही' म्हणत आला, तो.

"मास्तर, पाव! पाव सांगा!" अंगणातून आवाज आला आणि खसखस पिकली.

"ते काम नव्हतं," गेटमास्तर गुरगुरला. "ती... ती चाचणी होती."

"मोबदला मिळाला?"

"जळके पाव मिळाले! तोही मोबदला?"

"वस्तू दिली तरी मोबदलाच. हो की नाही, भाऊजी?"

बघायला एवढे साक्षीदार. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि तसा तो खोटं बोलणाराही नव्हता. "हो," तो म्हणाला. तासबाईनं खूण केली आणि पान उलटलं.

"अहो, पुढचं विचारा ना! शोधलं का ते विचारा! सगळं गाव पालथं घातलंय मी!"

"ज्यानं काम केलं, तो कामावरचा. त्याला ते विचारून बेकार धरत नाहीत."

"मी कामावरचा?" गेटमास्तर ओरडला. "ह्या सगळ्यांना फिरवलं मी, ते बेकार, आणि मी कामावरचा? वहिनी, हे तुम्ही मुद्दाम करताय! आकड्याची वाट बघत नाही मी. आजच्या आज खोली खाली करा!"

"करते. आधी घरातल्या बाकीच्यांचं सांगा."

"बाकी कोण? ही. घरकाम."

"माझं मी सांगते," दारातून आवाज आला.

धाकटी हात पुसत पुढं आली. तासबाईच्या हातातलं पेन थांबलं. किती वर्षांनी ही बाई तिच्यापुढं येऊन उभी राहिली होती. पण नियमाप्रमाणे प्रश्न विचारताना सगळ्यांना अहोजाहो करायचं, मग समोर वैरीण का असेना.

"गेल्या सात दिवसांत तुम्ही एक तास तरी काम केलंत का? पैसे मिळतील असं?"

"मिळणार होतं. ह्यांनी जाळलं."

"नाही, असं लिहिते. गेल्या चार आठवड्यांत शोधलंत?"

"बेकरीत विचारलं. धोबीखान्यात विचारलं. दवाखान्यात झाडायला बाई हवी का, विचारलं. आणि शाळेत." ती नवऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "हे गेटवर बसायचे तेव्हा मी जायचे. वर्ष होत आलं."

"मिळालं तर लगेच जाल?"

"हात पुसायचा अवकाश."

तासबाईनं लिहिलं. ह्या घरात एक बेकार माणूस होता, आणि तीन खेपा भांड्यांच्या आवाजातच राहिला होता. गेटमास्तर बायकोकडे आणि वहिनीकडे असा आळीपाळीनं बघत होता, जणू दोघींनी मिळून त्याचा खिसा कापला. अंगणात आता कुणी हसत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या घराच्या खिडकीकडे बघत होता, आणि खिडकीतल्या बायका त्यांच्याकडे. यादीतल्या पुढच्या घरी तासबाई गेली, तर नवरा तोंड उघडायच्या आतच त्याची बायको म्हणाली, "आमचं आम्ही सांगू." त्याच्या पुढच्या घरीही तेच. आणि गेटवाल्यांचं तर काय, सगळ्यांनी छाती पुढं काढून शोधलं म्हणून सांगितलं.

आकडा आला तो रेषेच्या वर. थोडासाच, पण वर. भत्ता चालू राहिला. गेटमास्तरनं पंचांसमोर दिलेला शब्द त्याच्याच गळ्यात पडला. पंच कठड्यावर रोज भेटत, त्यामुळं फिरवायची सोय नव्हती. तासबाईची खोली राहिली. तो मात्र त्या दिवसापासून दोघींशी बोलेनासा झाला. जेवताना मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचा.

एका सकाळी तासबाई पिशवी घेऊन उतरत होती, तर पायऱ्यांच्या तोंडाशी धाकटी. चांगलं लुगडं नेसून, चप्पल घालून निघालेली.

"जाऊबाई, मी काही तुमची खोली राखायला बोलले नाही त्या दिवशी," ती म्हणाली.

"मीही तुझ्यावर उपकार करायला लिहिलं नाही. सांगितलंस ते लिहिलं."

"आणि मला अहोजाहो करू नका पुढल्या खेपेला. शिवी दिल्यासारखं वाटतं."

"पुढली खेप नाही. तुमचं घर यादीतून सुटलं."

"म्हणजे मोजून झालं?"

"झालं."

"मग सरका बाजूला," धाकटी म्हणाली, "धोबीखाना उघडायच्या आत मला तिथं पोचायचंय," आणि तासबाईच्या पिशवीला धक्का देऊन ती रस्त्याला लागली.